पहाटे चारला उठण्याचा उपदेश

नोकरी करणाऱ्या आईने आपला दिवस शांतपणे आणि एकाग्रतेने कसा घालवावा, यावर हल्ली व्याख्याने होतात, पुरवण्यांतून सदरे चालतात. आपल्या मंडळांच्या महिला शाखाही त्यात मागे नाहीत. उपदेश ठरलेला असतो. पहाटे चारला उठावे, ध्यान करावे, भाजी रात्रीच निवडून ठेवावी, कामांची यादी करावी, मन प्रसन्न ठेवावे. या साऱ्या वाक्यांत क्रियापदे पुष्कळ आहेत, पण कर्ता एकच आहे: ती आई. माझा आक्षेप नेमका येथे आहे. शांत दिनक्रम घर आणि कचेरी मिळून तिला देतात, किंवा देत नाहीत. तो दिला नाही म्हणून तिलाच शिस्तीचे धडे द्यायचे, हा अन्याय आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. या सरासरीत घरकामाला हात लावणारेच पुरुष धरलेले आहेत, आणि ते होते शंभरात जेमतेम सव्वीस! २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे सुटली. पुरुषांनीही आपली नऊ सोडवून घेतली.

तरीही मिनिटांच्या हिशेबात मूळ दुखणे सापडत नाही. महसूल खात्यात माझी उमेद गेली, तेथलेच उदाहरण देते. वारसाच्या तंट्याचे अपील तपासताना तीन पिढ्यांच्या फेरफार नोंदी एकीपुढे एक लावून वाचाव्या लागतात. सलग अर्धा तास मिळाला तर धागा लागतो. त्या अर्ध्या तासात हाताखालच्या एखाद्या तरुण बाईला घरून तीन फोन येतात. गॅसचा बाटला आला, पैसे कुठे आहेत? धाकट्याचे अंग कोमट लागते, औषध कोणते द्यायचे? संध्याकाळी पाहुणे येणार, शिऱ्याला रवा आहे ना? विचारणारी माणसे प्रेमळच असतात आणि प्रत्येक प्रश्न अर्ध्या मिनिटाचा असतो. पण दर वेळी तिला पहिल्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनाही दोन मुले असतात. त्यांचा फोन मात्र वाजत नाही. वर्षाअखेरीस गोपनीय अहवालात ‘एकाग्रतेने काम करतात’ हा शेरा कोणाला मिळतो, हे सांगायला नको.

‘आमचा मुलगा घरात मदत करतो हो’, असे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. या ‘मदत’ शब्दाचीच मला चीड आहे. काय आणायचे ते तिने सांगायचे, विसरले तर आठवण तिने करायची, आणि आणल्याबद्दल आभारही तिनेच मानायचे. काम सोपवायचे तर त्यामागच्या विचारासकट सोपवावे. मुलांचा डबा वडिलांकडे असेल, तर त्यात काय द्यायचे हेही वडिलांनीच ठरवावे; चार दिवस बटाट्याची भाजी झाली तरी कोणी दगावत नाही. शाळेच्या दफ्तरी पहिला दूरध्वनी क्रमांक वडिलांचा लिहावा. एवढ्याने तिची सकाळ निम्मी मोकळी होईल. मग तिला चारला उठावे वाटले तर तिने खुशाल उठावे.

कचेऱ्यांची गोष्टही फारशी वेगळी नाही. मी कार्यालयप्रमुख असताना दुपारी चारनंतर बैठक बोलावली नाही. त्यामुळे एकही प्रकरण अडले नाही. साडेपाचच्या बैठका बहुधा साहेबाला घरी जायची घाई नसते म्हणून होतात. कायद्याने मात्र विचार केलेला आहे. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली. ते पाळणाघर कागदाबाहेर कितींनी पाहिले आहे? केंद्र सरकारने २००८ साली महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुढे पुरुषांनाही दिली, पण एकट्याने मूल वाढवणाऱ्यांनाच. आई हयात असेल तर बापाने संगोपन करण्याचे कारण सरकारलाही दिसत नाही!

यावर उत्तर येते की, आमच्या आईने, आजीने हे सारे केलेच की. त्या स्वयंपाकघरात तीन बायका होत्या आणि साडेदहाला कोणाला हजेरीपटावर सही करायची नव्हती. शिवाय त्या शांत होत्या की गप्प होत्या, हेही कोणी विचारले नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ पुन्हा काढून वाचावे. नुसते शिकण्यापायी त्यांना घरातल्याच स्त्रियांचे काय काय सोसावे लागले, ते त्यात आहे.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांत तर आणखी एक ओझे आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातले घर असो की इंदूर-ग्वाल्हेरचे, चैत्रगौर, महालक्ष्म्या, सोवळ्याचा नैवेद्य हे तिनेच सांभाळायचे, आणि इंग्रजी शाळेतून आलेल्या, गल्लीत गुजराती किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाशी मराठी बोलून भाषाही तिनेच जगवायची. केव्हा? सहानंतर, कचेरीतून येऊन, पोळ्या लाटताना. मराठीपणाचा अभिमान सभेत आपण सर्वांनी मिरवायचा आणि त्याची रोजची मजुरी एकीने करायची, अशी ही वाटणी आहे. आजोबांनी संध्याकाळी नातवाला तासभर मराठी वाचून दाखवले, तर भाषाही टिकेल आणि तिला तो तासही मिळेल.

आणि ‘तरुण स्त्रिया कार्यक्रमांना येत नाहीत’, ही आपली वार्षिक खंत! सायंकाळी सहाचे व्याख्यान आणि चारचे हळदीकुंकू कोणाच्या सोयीचे असते? पुढील तिमाहीची कार्यक्रमपत्रिका अजून छापायची आहे. एक व्याख्यान रविवारी सकाळी दहाला ठेवावे, शेजारची खोली मुलांसाठी उघडावी, आणि तेथे बसायला कार्यकारिणीतील दोन पुरुष सदस्यांची नेमणूक करावी. त्यांची नावे पत्रिकेत वक्त्याच्या नावाखाली छापावीत.