पार्थिव गणेश, घरच्या हातांचा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो, तिला ‘पार्थिव’ असे म्हणतात. पृथिवीपासून झालेले ते पार्थिव. मूर्ती कशाची असावी आणि अखेर तिने कोठे परतावे, हे दोन्ही या एका शब्दात आले. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी श्वेतकेतूला सृष्टीचे मूळ समजावू लागतात, तेव्हा प्रथम दृष्टान्त घेतात तो मातीच्या गोळ्याचाच.

मृत्तिकेचा हा छंद आपल्या घरांना नवा नाही. पोळ्याला ज्यांच्या दारी बैल नाहीत, ते मातीचे बैल करून पूजितात. दिवाळीत मुले अंगणात किल्ला रचतात. हरितालिकेला तर स्त्रिया वाळूचे शिवलिंग स्वहस्ते घडवितात. मग दुसऱ्याच दिवशी येणाऱ्या गणरायापुरतेच आपले हात का कचरावेत?

मागे एकदा कीर्तन आटोपल्यावर एका गृहस्थांनी संकोचाने विचारले, “बुवा, मुलीने शाडूचा गणपती केला आहे, पण सोंड जरा वाकडी झाली. पूजेला चालेल ना?” अवश्य चालेल, असे मी सांगितले. मूर्तिशास्त्रातील तालमान हे देवालयात पिढ्यान्‌पिढ्या राहावयाच्या मूर्तींसाठी आहे. दीड दिवसाच्या पार्थिव मूर्तीला ते काटेकोर लावणे मला उचित वाटत नाही. भंगलेली मूर्ती वर्ज्य खरी, परंतु ओबडधोबड मूर्ती म्हणजे भंगलेली नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटेल, ही अडचण शास्त्राची नसून शेजाऱ्यांची आहे! उलट, बाजारातून आणलेली प्लास्टर ऑफ पॅरिसची सुबक मूर्ती पार्थिव कशी म्हणावी? ती भाजलेल्या जिप्समची भुकटी. पाणी मिळताच दगडासारखी घट्ट होते आणि विसर्जनानंतर सहजी विरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा मूर्तींना परवानगी देऊ नये, असेच म्हटले आहे.

ज्यांना हात घालून पाहावयाचा आहे, त्यांनी चतुर्थीच्या निदान पंधरा दिवस आधी प्रारंभ करावा. शाडू भिजवून कणकेसारखा मऊ मळावा; गोरोबाकाकांच्या चिखलाची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्यांनी हे मळणे एकदा तरी अनुभवावे. मूर्ती वीतभरच पुरे. प्रथम पाट, मग मांडी व उदर, शेवटी मस्तक, अशा क्रमाने घडवावी. जोडावयाच्या दोन्ही भागांवर ओरखडे काढून पातळ कालविलेली माती लावावी, म्हणजे सांधा सुटत नाही. सोंड उदराला टेकलेली ठेवावी. अधांतरी सोंड वाळताना तुटते. मूर्ती उन्हात ठेवू नये. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. सावलीत सावकाश वाळू द्यावी. भट्टीची आवश्यकताच नाही, कारण भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरत नाही. रंगाला हळद, गेरू पुरेत.

विसर्जन घरच्याच बादलीत करावे. मूर्ती विरून माती तळाशी बसली की वरचे पाणी झाडांना घालावे आणि खालचा गाळ वाळवून डब्यात ठेवावा. पुढल्या श्रावणात तोच पुन्हा भिजत घालता येतो.