फूल नको म्हणणारा माणूस

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत येतात, त्या सुमारास इंग्लंडात लोकांच्या कोटांवर लाल कागदी फुलं दिसू लागतात. आपण ज्या खसखशीवर अनारसे थापतो, तिच्याच भावकीतलं हे फूल. पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर ते उगवलं, म्हणून १९२१ पासून ब्रिटनमध्ये ते युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचं चिन्ह झालं. विक्रीचे पैसे माजी सैनिकांच्या मदतीला जातात. नोव्हेंबरात फुटबॉलपटूंच्या जर्सीवरही ते असतं. १० नोव्हेंबर २०१२ रोजी संडरलंडच्या जेम्स मॅक्लीनने ते घातलं नाही. पुढेही तो नाहीच म्हणत राहिला आणि त्याच्या वाट्याला शिव्या, शिट्ट्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत राहिल्या.

मॅक्लीन उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा, कॅथलिक घरातला. ३० जानेवारी १९७२ रोजी त्या शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्च्याच्या वेळी ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा पुढे काही महिन्यांनी. मॅक्लीन ज्या क्रेगन वस्तीत वाढला, तिथलेच त्यातले सहा. त्याचा जन्म १९८९चा, म्हणजे त्याने पाहिलं काहीच नाही. घराघरांतून ऐकलं मात्र सगळं. २०१४ मध्ये विगन क्लबचे मालक डेव्ह व्हेलन यांना त्याने पत्र लिहून आपली बाजू मांडली. दोन महायुद्धांत मेलेल्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, फूल फक्त त्यांच्यासाठी असतं तर मी ते रोज लावलं असतं, असं त्याने त्यात सांगितलं. पण तेच फूल नंतरच्या सगळ्या लढायांतल्या सैनिकांसाठीही आहे, आणि त्यात डेरीच्या रस्त्यावर उतरलेली फौजही येते. क्लबने पत्र जाहीर केलं. शिट्ट्या थांबल्या नाहीत.

हा काही संत माणूस नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत मुलांना इतिहास शिकवतोय असं सांगत त्याने तोंडावर सशस्त्र गटांसारखा काळा बुरखा चढवलेला फोटो टाकला आणि तेव्हाच्या क्लबकडून दंड ओढवून घेतला. तो निव्वळ वात्रटपणा होता. पण त्यामुळे पत्रातला मुद्दा खोटा ठरत नाही.

डेरी कुठे आणि पुणे जिल्ह्यातला मावळ कुठे, असं कुणी म्हणेल. ९ ऑगस्ट सगळ्या देशाला क्रांतिदिन. मावळात त्या तारखेला आणखी एक अर्थ चिकटला आहे. २०११ च्या त्या दिवशी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. त्यात एक बाई होती. दुसरीकडे, दर २१ ऑक्टोबरला आपण पोलीस स्मृतिदिन पाळतो, १९५९ मध्ये लडाखच्या सीमेवर मारल्या गेलेल्या जवानांच्या आठवणीत. पाळावाच. आता समजा, पवन मावळातल्या एखाद्या कबड्डीपटूला त्या दिवशी सांगितलं की पोलिसांच्या सन्मानाची फीत लावल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही, आणि तो म्हणाला, ‘नको’. आपण त्याला कारण विचारू, की आधी देशद्रोही ठरवून मोकळे होऊ? उत्तर काय येईल याची मला खात्री नाही, आणि भीती त्याचीच वाटते.

कारण आठवण ठेवण्याच्या बाबतीत हा मुलूख एके काळी फार दिलदार होता. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफगोळा लागून कॅप्टन स्ट्युअर्ट ठार झाला. पुढे तळेगावहून माघार घेताना वडगावात फौज कोंडली गेली आणि इंग्रजांना तह करावा लागला. पण स्ट्युअर्टची मर्दुमकी मराठ्यांनी पाहिली होती. त्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ करून टाकला. वडगावात त्याची समाधी आजही आहे. शत्रूचं नाव आपल्या बोलीत घेऊन ते पिढ्यान्‌पिढ्या सांगायला कुणी हुकूम काढला नव्हता, आणि न सांगणाऱ्याला कुणी जाबही विचारला नव्हता.

याच जिल्ह्यात भीमा नदीकाठी इंग्रजांनी आपल्या फौजेसाठी उभारलेला कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले. आज लाखो लोकांसाठी तो स्वाभिमानाचा स्तंभ आहे, काहींना मात्र त्यात पेशवाईचा पराभव दिसतो. दगड एकच. २०१८ मध्ये त्या आठवणीभोवती दगडफेक आणि जाळपोळ झाली, तेव्हा कोणाची आठवण खरी हा प्रश्न चर्चेचा राहिलाच नाही.

नकाराची किंमत नकार देणाऱ्याने मोजायची असते, हे आपल्या खेळाडूंनाही ठाऊक होतं. १९३२ मध्ये भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला निघाला, तेव्हा गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात आहेत म्हणून मुंबईच्या एल. पी. जय आणि विजय मर्चंट यांनी जायचं नाकारलं. मर्चंट तरुण होते, त्यांना पुढे संधी मिळाली. जय यांच्या नशिबी आयुष्यभरात एकच कसोटी आली. आणि गंमत पाहा, धर्मावर संघ पाडणाऱ्या मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हेच दोघे हिंदूंकडून खेळत होते! माणूस एका दारात ठाम उभा राहतो आणि शेजारच्या दारातून वाकून जातो. म्हणून काही पहिलं उभं राहणं वाया जात नाही. अलीकडच्या काळात, नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला.

यंदाच्या अंकासाठी लेखकांना आम्ही ‘नकार’ हाच विषय दिला होता. जवळजवळ सगळ्यांनी तो मनापासून पेलला. एका ज्येष्ठ कवींनी मात्र कळवलं की दिलेल्या विषयावर मी लिहीत नाही, आणि सोबत पावसावरची कविता पाठवली. ती आम्ही पहिल्या पानावर छापली आहे.