खणण्याआधी कळवा

देवनहळ्ळीत रस्ता सतत कुठे ना कुठे उकरलेला असतो. 2008 मध्ये इथे बंगळुरूचा विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षमळ्यांच्या, चकोत्याच्या (म्हणजे आपल्या पपनसाच्या) बागांच्या शेजारी लेआउट उभे राहू लागले. मग आज सांडपाण्याची वाहिनी, उद्या केबल. यंदा आमच्या कुंपणालगत चर खणायचा होता आणि तिथेच जास्वंद, तगर, मोगरा उभे होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काढून टाका, नंतर नवीन लावा." मला ते पटलं नाही. ही झुडपं काही आठवडे बाजूला ठेवून पुन्हा त्याच जागी लावता येतात. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

हा वेळ खणण्याच्या आधीचा. तीन-चार आठवडे अगोदर झुडपाभोवती कुदळीने गोल चर घेऊन बाहेरची मुळं कापायची. आतल्या मातीत नवी तंतुमुळं फुटतात, आणि पुढे झुडूप जगतं ते त्यांच्याच बळावर. इथली तांबडी माती कोरडी असली की मुळांवरून भसकन गळते. म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यायचं आणि हुंडी (म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा) फुटू न देता गोणपाटात घट्ट बांधायची. फांद्या एक-तृतीयांश छाटायच्या, कारण तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवता येत नाही. तात्पुरता मुक्काम सावलीतल्या चरात, हुंड्या मातीने झाकून. सिमेंटच्या ओट्यावर मुळीच नको. तिथे मुळं दुपारभरात भाजून निघतात. परत लावताना खोड पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवायचं, आणि नवी पालवी फुटेपर्यंत खत द्यायचं नाही.

जास्वंद आणि तगर हे सोसतात, मोगराही. बोगनवेलीची मुळं मात्र फार नाजूक, आणि जुना कढीपत्ता सोटमुळामुळे हलवणं अवघड. त्यांच्यासाठी चरच हातभर वळवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण हंगामाची. खोदकाम उरकतात ते पावसाआधी, एप्रिल-मेच्या उन्हात, आणि झुडपं हलवायला तोच काळ सर्वांत वाईट. जूनमध्ये आभाळ भरून आलं की तेच झुडूप सहज तग धरतं.

मोठ्या झाडांसाठी कर्नाटकात 1976 पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे. ती तोडायची तर परवानगी लागते. कुंपणावरच्या जास्वंदीसाठी मात्र कुणी कागद मागत नाही. तिला कायदा नको, महिनाभर आधीची सूचना पुरे. सोसायट्यांच्या समित्यांना म्हणूनच विनंती आहे: खोदकामाचा ठराव करताना झुडपं हलवण्याची तारीख त्याच कागदावर लिहा, आणि ती माळ्यालाही कळवा.