आपलाच माल परक्या देशांत स्वस्त कां?

2024 च्या कार्तिकांत हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली असतां प्रस्तुत लेखकाच्या ट्रॅक्टरची क्लच-प्लेट गेली. चोपड्यांत ती मिळेना. जळगांवाहून मागविली, दोन दिवस काम खोळंबलें, आणि विक्रेत्यानें सांगितलेली किंमत निमूटपणें मोजली. पेरणीच्या दिवसांत घासाघीस करीत बसलेला शेतकरी आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. पुढें परदेशीं नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यास ही हकीकत सहज कळविली, तेव्हां त्यानें तेथील एका सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करून भाव लिहून पाठविला. भाग तोच, क्रमांक तोच, खोक्यावर भारतांत तयार झाल्याचा छाप. किंमत मात्र आमच्या बिलाहून पुष्कळ कमी. सात समुद्र ओलांडून गेलेला माल स्वस्त, आणि तापी ओलांडून आलेला महाग!

व्यापाऱ्याच्या नांवानें बोटें मोडणें सोपें आहे. परंतु जें घडतें तें कां घडतें हें समजल्यावांचून उपायही सुचावयाचा नाहीं, म्हणून थोडा हिशेब मांडून पाहूं.

प्रथम कर. 2017 सालीं वस्तु व सेवा कर आला, त्या कायद्यानें निर्यातीचा माल शून्य कराचा ठरला. एवढेंच नव्हे, तर तो माल बनवितांना पोलादावर व इतर साहित्यावर भरलेला कर कारखानदारास परत मिळतो. 1 जानेवारी 2021 पासून, ज्या लहानसहान करांची अन्यथा भरपाई होत नसे, त्यांचीही परतफेड करणारी योजना चालू झाली. ह्यांत गैर कांहीं नाहीं. आपले कर परक्यांच्या गळ्यांत बांधूं पाहणारा देश बाजारांतून उठतो. जुन्या पिढीस आठवत असेल कीं, एके काळीं ह्याच्या अगदीं उलट रीत होती: 1896 पासून इंग्रज सरकारनें हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन अबकारी बसविली, ती 1925 च्या डिसेंबरांत तहकूब होईपर्यंत आमच्या अमळनेरच्या प्रताप मिलचें कापडही तींतून सुटलें नव्हतें. त्या मानानें आजचें धोरण शहाणपणाचेंच म्हणावयाचें.

पण करानें सगळा उलगडा होत नाहीं. आम्हीं क्लच-प्लेट घेतली तेव्हां कर शेंकडा 18 होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे टायर, क्लच, हायड्रॉलिक पंप इत्यादि भागांवर तो शेंकडा 5 झाला, आणि मोटारींच्या भागांवरील 28 चा 18 झाला. कर एवढा उतरल्यावरही जेथें तफावत उरते, तेथें तिचें मूळ अन्यत्र शोधलें पाहिजे.

तें मूळ विक्रीच्या वाटेंत आहे. पुष्कळ वाचकांचा समज असा असतो कीं, ज्या कंपनीचा ट्रॅक्टर अथवा मोटार, तिनेंच तिचे सर्व भाग बनविलेले असतात. वस्तुस्थिति तशी नाहीं. पुणें, नाशिक, औरंगाबाद ह्या भागांतील शेंकडों कारखाने बेअरिंग, फिल्टर, प्लेटा, गास्केटें बनवून मोठ्या कंपन्यांस पुरवितात. कंपनी तोच भाग आपल्या खोक्यांत घालते, त्यावर आपलें नांव छापते व आपल्या नेमलेल्या विक्रेत्याकडे धाडते. आतां बनविणाऱ्यानेंच तो माल आपल्या नांवानें बाजारांत आणला तर शेतकऱ्यास स्वस्त पडेल, हें उघड आहे. परंतु त्यास तसें करूं द्यावयाचें नाहीं, अशी करारांतच तजवीज असे. हें आम्ही तर्कानें लिहीत नाहीं. भारतीय स्पर्धा आयोगानें 25 ऑगस्ट 2014 रोजीं 14 मोटार कंपन्यांस ह्याच प्रकाराबद्दल दोषी ठरवून एकंदर 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीचीं साधनें खुल्या बाजारांत मिळूं न देणें हा मुख्य ठपका होता. अपिलें झालीं, आणि 2016 च्या डिसेंबरांत अपील न्यायाधिकरणानें तीन कंपन्यांच्या बाबतींत दोष कायम ठेवून दंड मात्र बराच उतरविला. तें प्रकरण मोटारींचें होतें, ट्रॅक्टरांचें नव्हे. पण खोकें कसें बदलतें हें त्यावरून कोणाही शेतकऱ्यास कळण्याजोगें आहे.

परदेशांत हीच वाट मोकळी असते. युरोपांत 2010 च्या नियमानें, भाग पुरविणाऱ्यास तो स्वतंत्र दुकानदारास विकण्यापासून वाहन-कंपनीस अडवितां येत नाहीं. तेथील घाऊक व्यापारी थेट येथील कारखान्याशीं बोलतो, एक प्लेट नव्हे तर कंटेनर भरून प्लेटा घेतो, आणि पलीकडचा दुसरा व्यापारीही तेंच करीत असल्यानें दोघांनाही नफा आखडता घ्यावा लागतो. कंटेनरांतील एका प्लेटेवर जहाजाचें भाडें तें किती पडणार! चोपड्यास एस. टी. नें एकटी येणारी प्लेट त्या मानानें राजाच्या स्वारीसारखी येते.

तिसरें कारण सांगतांना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण त्यांत आपलाही हात आहे. कारखान्याचें भाडें, यंत्रांचें व्याज, पगार हा कायमचा खर्च देशांतल्या गिऱ्हाइकाकडून वसूल झाला, म्हणजे वरचा माल केवळ लोखंड, मजुरी व थोडा नफा एवढ्यावर परदेशीं देतां येतो. यंत्र रिकामें ठेवण्यापेक्षां तें बरें. हेंच आपण साखरेच्या बाबतींत केलें नाहीं काय? 2018 च्या जूनमध्यें साखरेचा कारखान्यांतील किमान भाव किलोस 29 रुपये, व 2019 च्या फेब्रुवारींत 31 रुपये ठरला. त्यापुढच्या 2019-20 च्या हंगामांत सरकारनें टनास 10,448 रुपये मदत देऊन 60 लाख टन साखर बाहेर पाठविण्याचें ठरविलें. परदेशीं साखर स्वस्त गेली, घरच्या गिऱ्हाइकास भाव धरून ठेवलेला, आणि उसाचें बिल मिळावें म्हणून आपण त्यास टाळ्या दिल्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वातेमाला ह्यांनीं जागतिक व्यापार संघटनेंत तक्रार केली व 2021 च्या डिसेंबरांत तेथील निवाडा आपल्या विरुद्ध गेला. म्हणून परदेशीं स्वस्त विकणें हेंच मुळीं पाप, असें ऊस पिकविणाऱ्यानें तरी म्हणूं नये. फरक एवढाच कीं, साखरेचा भाव सर्वांस ठाऊक होता व साखर कोणत्याही दुकानांतून घेतां येत होती. प्लेटेचा भाव एकाच्याच तोंडीं असतो.

विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. दहा वर्षांपूर्वींच्या ट्रॅक्टरचा एखादा भाग तो वर्षांतून एकदां विकतो, पण त्यावर पैसा वर्षभर अडकून राहतो. शिवाय बाजारांत नकली माल आहे, आणि नकली बेअरिंगानें इंजिन गमावलेला मनुष्य पुढें आयुष्यभर खोक्यावरचें नांव पाहूनच पैसे मोजतो. ही भीति खरी आहे. तिचा फायदा कोणास होतो तेंही खरें आहे. पूर्वीं फाळ झिजला तर गांवचा लोहार दुसरा घडवून देत असे. लोहाराच्या भात्याकडे परत जा, असें आम्ही म्हणत नाहीं, कारण ट्रॅक्टरनें वाचविलेले दिवस आम्हीही मोजले आहेत. पण लोहाराशीं भावाची बोलणी करतां येत असे, हें विसरतां येत नाहीं.

करावें काय? केंद्राच्या ग्राहक विभागानें 2022 सालीं दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न हातीं घेतला, त्यांत शेतीचीं अवजारेंही धरलीं आहेत. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानानें शेतीच्या यंत्रांपुरता असा कायदा 2023 सालीं केला. आपल्याकडे कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर जें काम परदेशचा घाऊक व्यापारी करतो तें आपल्या संघास करतां येईल. खतें व बियाणें एकत्र घेण्याची रीत आपल्यांत रुळली आहेच. तालुक्यांत ज्या चार-पांच जातींचे ट्रॅक्टर अधिक आहेत, त्यांचे वारंवार जाणारे वीस-पंचवीस भाग निवडावे, तो भाग मुळांत कोणता कारखाना बनवितो हें शोधावें, आणि त्यांतला जो कारखाना आपल्या नांवानें माल विकण्यास मोकळा असेल त्याकडून हंगामापूर्वीं घाऊक दरानें पक्क्या बिलावर घ्यावा. जुन्या भागावर अनेकदां मूळ कारखान्याचें चिन्ह कोरलेलें सांपडतें. मोडका भाग भंगारांत टाकण्यापूर्वीं तो पुसून पाहावा. हमींत असलेल्या नव्या ट्रॅक्टरास मात्र हा माल लावण्यापूर्वीं हमीचा कागद वाचावा, नाहींतर प्लेट वाचवून इंजिन घालविण्याची पाळी यावयाची.

ज्या सभासदांपाशीं गेल्या तीन वर्षांचीं सुट्या भागांचीं बिलें असतील, त्यांनीं तीं पोळ्याच्या आंत संघाच्या कचेरींत आणून द्यावीं. नकला करून मूळ बिलें परत देण्यांत येतील. आमच्या क्लच-प्लेटेचें बिल तेथें आधींच पोंचलें आहे.