मडक्याला मडके होत नाही

उत्क्रांती हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. भाषेपासून मोबाइलपर्यंत सगळेच 'उत्क्रांत' होत असते! पुरातत्त्वज्ञांनी तो मातीच्या भांड्यांनाही लावला, आणि तिथे तो बराच उपयोगी पडला, हे आधीच मान्य करते.

इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पेट्रीला प्राचीन थडग्यांत ढिगाने मडकी मिळाली. सोबत ना लेख, ना नाणी. मग जुने कोणते, नवे कोणते? काही मडक्यांना नागमोडी कान होते. कुठे धरून उचलता येतील असे ठळक, कुठे नुसता उंचवटा, तर कुठे फक्त एक नागमोडी रेघ. पेट्रीने ठरवले, कानाची रेघ होत गेली. सुमारे ९०० थडग्यांच्या चिठ्ठ्या लावून त्याने १८९९ मध्ये ३० ते ८० असा क्रम दिला. (आधीचे आकडे मोकळे ठेवले, आणखी जुने काही सापडले तर! हे मला फार आवडले.) पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण ढोबळ क्रम टिकला.

मात्र या बदलाला तो 'ऱ्हास' समजला, ते पटत नाही. उत्क्रांतीला ना चढण, ना उतरण.

डेव्हिड ब्राउनने १९८३ मध्ये वेगळा मुद्दा मांडला: भांडे हे अवजार आहे. अमेरिकेत इलिनॉयच्या परिसरात शिजवायची भांडी काही शतकांत पातळ होत गेली. पिठूळ बिया खूप वेळ उकळायच्या, आणि जाड भांडे आचेवर लवकर तडकते. म्हणून पातळ टिकले. रॉबर्ट डनेलने तर १९७८ मध्येच म्हटले होते की उपयोगाच्या गुणांवर निवड चालते, नक्षी आपली वाहवत जाते.

इथे माझ्यातली व्याकरणाची बाई जागी होते. 'पातळ भांडी निवडली गेली' हा कर्मणी प्रयोग झाला. निवडली कोणी? फिंच पक्ष्याला पिल्ले होतात, मडक्याला मडके होत नाही. ते कोणीतरी थापते, बहुधा बाईच. भांडे चुलीवर फुटले की पेज गेली, जळण गेले, पोरे उपाशी. पुढचे भांडे जरा पातळ करावे, एवढे तिला कळत नसेल?

नक्षीचेही तेच. फ्रेझर नीमनने १९९५ मध्ये त्याच परिसरातल्या भांड्यांच्या काठावरची नक्षी तपासली. गट एकमेकांकडून शिकत असतील, तर त्यांच्या नक्षीतला फरक कमी. ये-जा थांबली, की फरक वाढतो. गणित उत्क्रांतीचेच, पण त्यात कोण कोणाच्या शेजारी बसून शिकले हे दिसते. असली उत्क्रांती मला चालेल.