सहीअभावी उपचार अडवता येत नाहीत

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगरी वाड्यावस्त्यांतून कर्ती माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात. मागे म्हातारी आणि पोरे. भातखाचरात पोराला घोणस चावली, तर त्याला दवाखान्यात नेणारी आजी असते, चुलता असतो, नाहीतर आश्रमशाळेचा अधीक्षक. अशा वेळी 'आईबाप कुठे आहेत, सही कोण करणार?' असा सवाल आला की आजी गप्प होते. बापाचा फोन लागत नाही. विष मात्र कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

वास्तविक पाहता कायदा याबाबत स्पष्ट आहे, आणि तो 1860 पासूनचा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 92 खाली उदाहरणच दिले होते: मुलाला जीवघेणा अपघात झाला, ताबडतोब शस्त्रक्रिया हवी, पालकाला विचारायला वेळ नाही, मूल विनवण्या करीत असतानाही शल्यविशारदाने त्याच्या भल्यासाठी सद्‌हेतूने शस्त्रक्रिया केली, तर तो गुन्हा नाही. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 मध्ये आहे. शिवाय कलम 27 नुसार 12 वर्षांखालील मुलासाठी पालकच नव्हे, तर मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे अशी व्यक्तीही संमती देऊ शकते. आमच्या मते नातू सांभाळणारी आजी आणि वसतिगृहाचा अधीक्षक यांना यातून वगळण्याचे कारण नाही.

डॉक्टरांना भीती वाटते, ती खोटी नाही. उद्या काही बरेवाईट झाले तर खटला, नाहीतर जमाव. पण हात बांधून बसणेही सुरक्षित नाही. रुग्णाने संमती दिली नाही म्हणून शस्त्रक्रिया केली नाही, हा डॉक्टरचा बचाव केरळ उच्च न्यायालयाने 1986 साली फेटाळला; नकार दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवरच टाकली. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगितले आहे.

आणि बापाचीच सही का? 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात (तो बौद्धांनाही लागू आहे) बाप आधी, आई नंतर असे लिहिले आहे खरे. पण गीता हरिहरन खटल्यात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बाप हयात असला तरी तो हजर नसेल तेव्हा आई पालक आहे.

संमतीचा हक्क मोडीत काढा, असे कुणी समजू नये. कोऱ्या इंग्रजी फॉर्मवर आपल्या माणसांचे अंगठे घेतले जातात, तेव्हा हाच हक्क उपयोगी पडतो. समीरा कोहली खटल्यात (2008) न्यायालयाने बजावले की संमतीबाहेरची शस्त्रक्रिया केवळ सोयीची म्हणून चालणार नाही, जीव धोक्यात हवा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी एवढे करावे. मुलासोबत जो गेला असेल त्याने आपले नाव, नाते आणि पोचल्याची वेळ केसपेपरवर लिहून घ्यायला लावावी. सहीअभावी उपचार होणार नाहीत असे कुणी म्हटले, तर कलम 30 चे नाव घेऊन ते कारण लेखी मागावे, आणि ते मिळण्याची वाट न पाहता 108 ला फोन लावावा.