दुसऱ्या फ्लॅटची घाई

आमच्या टीममधला एक पोरगा दोन आठवडे माझ्या मागे लागलाय. वय २७. रावेतला एक टू बीएचके बुक केलाय, त्याचं पझेशन अजून व्हायचंय, आणि आता साहेबांना हिंजवडीत दुसरा हवाय. 'इन्व्हेस्टमेंट म्हणून.' दर वाढतायत, आत्ता नाही घेतला तर राहूनच जाईल वगैरे. टपरीवर चहा पिता पिता त्याला धड काही सांगता आलं नाही, म्हणून आज शनिवारचा मुहूर्त साधून लिहून काढतोय.

आधी माझं प्रकरण सांगतो. कोथरूडच्या राहत्या घराचं लोन फिटलं, महिन्याला चार पैसे उरायला लागले आणि माझे हात शिवशिवायला लागले. २०१६ मध्ये बालेवाडीला रिसेलचा फ्लॅट घेतला, ५८ लाखांना. ४६ लाख कर्ज, हप्ता ४३ हजार. स्टँप ड्यूटी तेव्हा ६ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, एजंटाचा १ टक्का. (आता पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, बायकोच्या नावावर घेतलात तर ६.) पंखे, गीझर, मच्छरजाळ्या वेगळ्याच, ते एक्सेलमध्ये धरायचं कुणालाच सुचत नाही.

भाडं आलं १९ हजार. त्यातून मेंटेनन्स, वर भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. स्वतः राहणाऱ्याला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, ती अर्थातच नाही. भाडेकरू बदलला की एजंटाला एक महिन्याचं भाडं. 'भाड्यातून हप्ता निघतो' हे ज्याने कुणी पसरवलंय त्याला एकदा भेटायचंय मला. महिन्याला २५-२६ हजार मी खिशातून घालत होतो. जमत होतं, कारण पगार येत होता.

मग आलं २०२०. फ्लॅटमध्ये तीन मुलं राहायची, तिघंही हिंजवडीत नोकरीला. वर्क फ्रॉम होम सुरू झालं, एक लातूरला गेला, एक नागपूरला, तिसऱ्याला एकट्याला परवडेना. जूनमध्ये त्यांनी किल्ली दिली आणि पुढचे चौदा महिने फ्लॅटला कुलूप. मी अधूनमधून जाऊन नळ सोडून, धूळ झटकून यायचो. त्याच काळात कंपनीने माझा पगार २० टक्के कापला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली होती, ती घेतली. पण व्याज काही थांबत नाही, ते गुपचूप मुद्दलात जाऊन बसलं. शेवटी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. ऑपरेशन कोविडमुळे लांबलं असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. आईला बहुतेक कळलं होतं, ती काही बोलली नाही. वर्षभर जिना चढताना कठडा धरून थांबायची, एवढंच.

दिवसभर लोकांच्या सिस्टीममधले सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर शोधून द्यायचे हा माझा धंदा, आणि घरातला मला दिसला नाही. माझा पगार आयटीवर, माझ्या भाडेकरूचा पगार आयटीवर, आणि त्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळायचं तेही आयटीवर. एक वारा आला की तिन्ही एकदम आडवे. हिंजवडीत नोकरी करून हिंजवडीतच गुंतवणुकीचा फ्लॅट घेणाऱ्याने हे आधी कागदावर मांडावं. कॉलेजांच्या आसपास घे म्हणावं, तर तेव्हा विद्यार्थीही गावी गेले होते. सगळ्यातून सुटका करणारी जागा नसते, पण निदान आपल्या ऑफिसची बस जिथे थांबते ती तरी टाळता येते.

पोरगा म्हणतो, "पण शेवटी तुझा फ्लॅट वाढलाच ना?" वाढला, खोटं कशाला बोलू? पण मला पैसे हवे होते ते २०२० च्या सप्टेंबरमध्ये, आणि हप्त्यापुरती बाल्कनी विकता येत नाही. शेअर असते तर दहा-वीस विकले असते.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिलं घर पचल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. पचणं म्हणजे घर रिकामं आहे आणि पगारही अर्धा आलाय असं धरून बारा महिन्यांचे हप्ते बाजूला पडलेले असणं. याच्या पोराचं तर पहिलंच अजून ताटात आलेलं नाही. आज तो घरभाडं भरतोय आणि बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याजही भरतोय, पझेशन लांबलं तर दोन्ही चालूच. त्याला म्हटलं, नव्या फ्लॅटचा हप्ता जेवढा बसेल तेवढी रक्कम वर्षभर रिकरिंगमध्ये टाक. तिसऱ्या महिन्यात दम लागला तर फुकटात कळलं. नाही लागला, तर वर्षाअखेरीला हातात पाच-सहा लाख असतील आणि भाव करायला तोंड असेल. एवढ्या वेळात महारेराच्या साइटवर त्या प्रोजेक्टची पहिली मुदत काय होती आणि ती किती वेळा वाढवली तेही बघून होईल. आणि करार रजिस्टर व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला मागता येत नाहीत, हे पाठच करून ठेव म्हटलं. 'आज चेक दिलात तरच हा रेट' हे वाक्य ऐकलं की ते आठवावं.

त्याला पटलंय असं वाटत नाही. उद्या रविवारी साइट बघायला चल म्हणाला, बिल्डरची गाडी न्यायला येणारे. मी म्हटलं, गाडी नको आणि रविवारही नको. सोमवारी सकाळी नऊला तुझ्या बाइकवरून जाऊ. तेव्हापासून मेसेजला उत्तर नाही.